किल्ली दिली, नाव राहिलं

जुन्या गाड्यांच्या व्यवहारांबद्दल अलीकडे दोनदा जोरात चर्चा झाली. पहिली एचएसआरपीमुळे, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटीमुळे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीला नवी नंबरपाटी बसवायची असं ठरल्यावर लोकांनी कपाटातली आरसी बाहेर काढली, आणि आपण रोज चालवतो ती गाडी कागदावर तिसऱ्याच माणसाची आहे, हे अनेकांच्या तेव्हा नीट लक्षात आलं. मुदत वाढत गेली तशी ही चर्चाही लांबत गेली. दुसरी चर्चा १० नोव्हेंबर २०२५ नंतरची. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या आय-ट्वेंटी गाडीचा स्फोट झाला ती अनेक हातांतून फिरलेली होती, आणि तपास आधी ज्या जुन्या मालकाच्या दारात गेला त्याने ती केव्हाच विकून टाकली होती.

दोन्ही वेळा वाद दोनच सुरांत झाला. एक सूर म्हणाला, लोकच बेफिकीर आहेत. दंड दहापट करा, दोन-चार जणांना आत टाका, नावं आपोआप बदलतील. दुसरा म्हणाला, आरटीओत खेटे कोण घालणार, सत्तर हजारांच्या गाडीसाठी एवढा उपद्व्याप कशाला, स्टँपपेपरवर लिहून घेतलं की झालं. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे. पैसे मोजले, किल्ली दिली की विक्री पूर्ण झाली, आणि नाव बदलणं हे त्यानंतरचं, सवड मिळेल तेव्हा उरकायचं सरकारी काम, असं दोघंही मानतात. माझं म्हणणं असं की नाव बदलणं हा विक्रीचाच भाग आहे आणि तो किल्ली हातातून सुटण्याआधी झाला पाहिजे. आज तो तसा होत नाही याचा दोष लोकांच्या आळसाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, कायद्याच्या रचनेकडे जातो. कायद्याने विकणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी ठेवली, पण ती उतरवून ठेवण्याची ताकद त्याच्या हातात दिली नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात बाबांना एक फोन आला. ‘‘काका, तुमच्या मोबाइलवर आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगता का?’’ बाबा निवृत्त शिक्षक. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे त्यांनी वर्तमानपत्रात शंभरदा वाचलेलं. त्यांनी फोन ठेवून दिला. तो पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी घेतला. पलीकडचा माणूस फरशी बसवण्याची कामं करणारा, बीड जिल्ह्यातला. त्याने एमएच ११ ने सुरू होणारा एक नंबर सांगितला आणि मी खुर्चीत बसलो. ती आमची वॅगनआर होती. २००९ मध्ये साताऱ्यात घेतलेली, २०१७ मध्ये महामार्गालगतच्या एका गाडीविक्रेत्याला दिलेली. त्या दिवशी त्याने बाबांपुढे फॉर्मचा गठ्ठा ठेवला होता. ‘सर, टीटीओच्या, म्हणजे नाव बदलण्याच्या फॉर्मवर सह्या करा, पुढचं आम्ही बघतो.’ बाबांनी फुल्या मारलेल्या प्रत्येक जागी सही केली. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी होती. ती का कोरी आहे, असं आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

विक्रेत्याने गाडी एकाला दिली, त्याने या फरशीवाल्याला. तिघांपैकी कुणीही ती नावावर केली नाही. नोंदणीची पंधरा वर्षं मार्च २०२४ मध्ये संपलेली, विमा २०२१ मध्येच संपलेला. म्हणजे चार वर्षं एक विमा नसलेली गाडी बाबांच्या नावाने मराठवाड्यातल्या रस्त्यांवर धावत होती, आणि बाबा रोज सकाळी निवांत फिरायला जात होते. तो माणूस लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. उलट गाडी आपल्या नावावर व्हावी म्हणून धडपडणारा तोच एकटा निघाला.

अशा वेळी बाबांच्या डोक्यावर नेमकं काय होतं? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. कर्जावर किंवा भाड्याने घेतलेल्या गाडीपुरता अपवाद आहे, पण स्टँपपेपरवर लिहून घेतलेल्या गाडीला तो लागू होत नाही. त्याआधीच्या १९३९ च्या कायद्यात मालकी अशी नोंदीला बांधलेली नव्हती. गाडी प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात आणि हुकमतीत आहे, याला तिथे वाव होता. नव्या कायद्याने ती वाट बंद केली. कायदा बदलून साडेतीन दशकं लोटली, पण आपला व्यवहार अजून १९३९ मध्येच चालतो. ‘गाडी त्याच्याकडे आहे ना, मग तीच त्याची’, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की कायदा वेगळं सांगतो यावर विश्वास बसत नाही.

विश्वास बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा निकाल वाचावा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. मूळ मालकाने जुलै २००७ मध्ये गाडी विकली. ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिली. मे २००९ मध्ये मागे घेताना तिने दोघांना धडक दिली, त्यात एक मुलगा गेला. भरपाई कुणी द्यायची? उच्च न्यायालय म्हणालं, ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याने. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि जबाबदारीही त्याचीच. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या माणसाची.

हा निकाल अन्यायाचा आहे, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. गाडी माझी नाही, चालक माझा नाही, ती कुठे आहे हेही मला ठाऊक नाही, तरी पैसे माझ्या खिशातून का? वस्तुविक्रीचा १९३० चा कायदा पाहिला तर जंगम वस्तूची मालकी दोन्ही बाजूंच्या मनात जेव्हा जावी असं ठरलं असेल तेव्हा जाते. पैसे मिळाले, गाडी दिली, मालकी गेली. एक कायदा म्हणतो गाडी तुमची राहिलेली नाही, दुसरा म्हणतो अपघाताला तुम्हीच जबाबदार. या कात्रीत सापडलेल्या माणसाला संताप येणारच.

पण थोडं पलीकडे उभं राहून बघू. ज्या आईचा मुलगा त्या गाडीखाली गेला, तिने काय करायचं? पहिल्याला विचारलं तर तो म्हणणार दुसऱ्याला विकली, दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवणार, तिसरा म्हणणार मी चौथ्याला दिली आणि त्याचा पत्ता मला माहीत नाही. प्रत्येकाकडे एक स्टँपपेपर, प्रत्येकावर नोटरीचा शिक्का. या साखळीची एकेक कडी सिद्ध करण्याचं ओझं पीडितावर टाकायचं का? न्यायालयाने नाही म्हटलं, आणि मला ते मनापासून पटतं. रस्त्यावर मार खाल्लेल्या माणसाला एक ठरलेलं नाव मिळालंच पाहिजे. म्हणून या निकालावर राग काढण्यात अर्थ नाही. नोंदीतलं नाव महत्त्वाचं हे मान्य केलं की खरा प्रश्न समोर येतो: मग नोंदीत खोटं नाव इतकी वर्षं राहतंच कसं?

कायद्याच्या कलम ५० मध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर ४५ दिवसांत आणि ना हरकत प्रमाणपत्रासह. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा ३०. वाचताना वाटतं, किती साधं आहे. पण विकणाऱ्याने आपलं काम चोख केलं, फॉर्म २९ दिला, पोच घेतली, तरी रजिस्टरमधलं नाव हलत नाही. ते हलतं घेणाऱ्याने अर्ज केल्यावर. म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं कधी उतरणार हे ठरवणार तो माणूस, ज्याला ते उतरवण्याची काहीच घाई नाही. गाडी त्याला मिळालेली असते, ई-चलान माझ्या मोबाइलवर येत असतात आणि तिसऱ्याला विकताना आरसीवर ‘सेकंड ओनर’ऐवजी ‘फर्स्ट ओनर’च दिसावं हे त्याच्या फायद्याचं असतं. या रचनेत घेणारा वेळेवर अर्ज करतो तो केवळ सज्जनपणामुळे. कायदा कुणाच्या सज्जनपणावर उभा करायचा नसतो.

आणि दंड? कळवलं नाही तर कलम १७७ पर्यंत जायचं, तिथे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. दंड वाढवा म्हणणाऱ्यांना हा आकडा हास्यास्पद वाटतो, तो आहेही लहान. पण दंड वाढवून काय होईल याचा विचार त्यांनी केलेला नाही. तो फरशीवाला इतक्या वर्षांच्या विलंबासाठी पंचवीस हजार भरायला आरटीओत जाईल का? तो जाणारच नाही. गाडी तशीच चालवत राहील आणि एक दिवस भंगारात घालेल. उशिरा का होईना पण नाव बदलायला येणाऱ्या माणसाला मोठा दंड म्हणजे दारातच अडवणं. दंड हवाच असेल तर तो कोरे फॉर्म गठ्ठ्याने सांभाळणाऱ्याला हवा.

आपल्याकडे याहून जुना आणि याहून कडू अनुभव जमिनीचा आहे. खरेदीखत झालं, पैसे दिले, ताबा घेतला, पण फेरफार राहिला. सातबाऱ्यावर जुन्याच माणसाचं नाव. तो गेला, वारसांची नावं चढली, नातवाने कागद पाहिला आणि जमीन पुन्हा एकदा विकली किंवा तिच्यावर बोजा चढवला. कोर्टात आयुष्यं गेलेली कुटुंबं प्रत्येक तालुक्यात सापडतील. तिथेही कायद्याने आधी घेणाऱ्यालाच सांगितलं होतं की तीन महिन्यांत तलाठ्याला कळव. पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आणखी एक कलम आहे, १५४. नोंदणी झालेल्या दस्ताची खबर दुय्यम निबंधकाने स्वतःहून महसूल यंत्रणेला द्यायची. पुढे ई-फेरफार आल्यावर ही खबर संगणकातून जाऊ लागली. सगळं सुरळीत झालं असा माझा दावा नाही. मंडळ अधिकाऱ्याकडे अडकलेल्या नोंदी आजही आहेत. पण तत्त्व किती नीट ठरलं ते बघा. व्यवहार जिथे होतो तिथेच नोंदीची सुरुवात होते, मग घेणाऱ्याला आठवण राहो वा न राहो. जमिनीबाबत जे आपल्याला सुचलं, ते गाडीबाबत का सुचू नये?

त्याहून मागे जायचं तर बैलबाजारात जाऊ. लहानपणी आजोबांबरोबर मी दोन-तीनदा गेलो आहे. सौदा रुमालाखाली व्हायचा. दलालाची बोटं, घेणाऱ्याची बोटं, वरून कुणाला काही कळायचं नाही. पण सौदा ठरल्यावर बाजाराच्या टेबलावर पावती व्हायची: बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, वय, विकणारा, घेणारा, गाव. पावती होईपर्यंत आजोबांनी दावं हातातून सोडलं नाही. वाटेत कुणी अडवलं तर घेणाऱ्याला ती पावती लागे, आणि चोरीचा आळ आला तर विकणाऱ्यालाही. भाव कितीही गुप्त ठेवला तरी मालक कोण हे चारचौघांत लिहिलं जाई. रुमाल आपण जुन्या गाड्यांच्या बाजारात आणला. पावतीचं टेबल मात्र मागेच राहिलं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. जुनी गाडी घेणारा माणूस कोण असतो? फरशी बसवणारा, भाजी विकणारा, केटरिंगची भांडी वाहणारा, आईला डायलिसिसला नेणारा मुलगा. त्याने लाखभर रुपये कसेबसे जमवलेले असतात. एकाच राज्यात मोटारीचं नाव बदलायचं मूळ सरकारी शुल्क ३०० रुपये आहे हे खरं, पण तो आकडा तोंडावर फेकून त्याला गप्प करणं अप्रामाणिकपणाचं आहे. गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपये (एप्रिल २०२२ पासून), वर पर्यावरण कर, वर नंबरपाटीचे ७४५ अधिक जीएसटी, वर विमा. वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाचेच १०,०००. त्यात आरटीओच्या कामासाठी बुडालेली दोन-तीन दिवसांची मजुरी आणि एजंट. आमच्याच गाडीसाठी त्याला एजंटने साडेतीन हजार सांगितले होते. साठ हजारांच्या गाडीमागे पंधरा हजारांचे कागद. हा माणूस कायदा मोडतो असं म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

पण नाव न बदलल्याने त्याचा नेमका काय फायदा झाला, हे मी त्याच्याबरोबर बसून मोजलं. नूतनीकरण त्याला चुकत नव्हतंच. ते गाडीला लागू आहे, नावाला नाही. विमा त्याने काढला नव्हता, कारण पॉलिसी बाबांच्या नावावर निघेल आणि दाव्याच्या वेळी अडकेल अशी त्याला भीती होती. ती भीती खोटी नव्हती. कलम १५७ प्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीचा असा दावा फेटाळला. तिने तर आरसीवरचं नाव बदलून घेतलं होतं, फक्त पॉलिसी बदलायची राहिली होती. याउलट २०२० मध्ये, ट्रक विकायला काढला पण नोंद त्याच्याच नावावर राहिली, अशा माणसाला विमा कंपनीने पैसे द्यावेत असा निकाल झाला, कारण नोंदीप्रमाणे मालक तोच होता. म्हणजे नावावर नसलेली गाडी घेणाऱ्याने आपल्या लाख रुपयांचं संरक्षण स्वतःहून सोडलेलं असतं. गाडी चोरीला गेली तर तक्रार कुणी द्यायची? रस्त्यात पोलिसांनी पकडली तर सोडवायला कुणी यायचं? गरिबाच्या नावाने नोंद टाळण्याची बाजू मांडणारे हे बोलत नाहीत. शुल्क जास्त असेल तर शुल्क कमी करा. जुन्या छोट्या गाड्यांचं पहिलं हस्तांतरण फुकट करा म्हटलं तरी मी हात वर करीन. पण महाग आहे म्हणून त्या माणसाला नोंदीबाहेर राहू द्या, हा त्याच्यावर उपकार नव्हे.

शिवाय नोंदीबाहेर राहण्याचा फटका कुणालाही, कसाही बसतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पाहा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मे २०२४ मधल्या पुण्याच्या पोर्शे अपघातानंतर हे कलम घराघरांत चर्चेला आलं. त्या चर्चेत मला एकही जण भेटला नाही ज्याने विचारलं की विकलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर उद्या कुणाचा सोळा वर्षांचा मुलगा बसला तर मालक म्हणून दारात कोण उभं असेल. मला गाडीची माहितीच नव्हती, असा बचाव आहे. पण तो सिद्ध करायला वकील लावायचा, तारखा करायच्या आणि २०१७ चा स्टँपपेपर शोधून काढायचा. बाबांचा सापडला तेव्हा घडीवरची शाई उडालेली होती.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मार्च २०२१ मध्ये ज्या अठरा सेवा आधार ओळखीने घरबसल्या द्यायचं ठरलं, त्यांत हस्तांतरणाची सूचना आणि अर्ज दोन्ही होते. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने आणि १ एप्रिल २०२३ पासून, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्याकडे दिल्याची सूचना पोर्टलवर दिली की विक्रेताच ‘मानीव मालक’ ठरतो आणि त्या काळातली जबाबदारी त्याची. हा नियम २०१७ मध्ये असता तर बाबांचं ओझं त्या दिवशीच उतरलं असतं. मी या नियमाचं मनापासून स्वागत करतो. पण तो अधिकृत विक्रेत्यापुरता आहे. चहाच्या टपरीमागे सहा गाड्या लावून बसलेला, ‘कमिशनवर विकून देतो’ म्हणणारा माणूस त्यात नाही. ओळखीतून, सोसायटीच्या ग्रुपवरून, मेव्हण्याच्या मित्राला थेट होणाऱ्या विक्रीलाही तो लागू नाही. म्हणजे सरकारला तत्त्व कळलेलं आहे: सूचना दिली त्या क्षणी जबाबदारी सरकते. मग ते दुकानदारालाच का, दोन साध्या माणसांमधल्या व्यवहाराला का नाही?

माझी मागणी एवढीच आहे. किल्ली देताना विकणाऱ्याने पोर्टलवर सूचना द्यावी, घेणाऱ्याने त्याच वेळी आधारच्या ओटीपीने ती स्वीकारावी, आणि त्या मिनिटापासून कायद्याच्या दृष्टीने तो मालक. आरसीचं कार्ड, शुल्क, बाकीचे कागद मागाहून. गैरवापर होईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. अपघात करून झाल्यावर कुणी घाईघाईने मागच्या तारखेला गाडी विकल्याचं दाखवील, भावाभावांच्या भांडणात एकजण गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारील. पण हे सगळं आज स्टँपपेपरवरच सर्वांत सोपं आहे. मागच्या तारखेचा स्टँप मिळवणाऱ्याला कुणी अडवलं आहे? पोर्टलवर वेळ मिनिटापर्यंत नोंदली जाते आणि घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय काहीच सरकत नाही. तो स्वीकारत नसेल तर विकणाऱ्याने किल्ली द्यायची नाही. पीडिताला प्रत्येक क्षणी एक आणि एकच नाव मिळतं, मध्ये कुणी हवेत लटकत नाही. न्यायालयाला जे हवं होतं ते हेच.

ब्रिटनमध्ये गाडी ठेवणाऱ्याच्या नावाचं लॉगबुक असतं. माझा मामेभाऊ तिथे नोकरीला आहे. त्याने जुनी गाडी विकली तेव्हा घेणारा दारात उभा असतानाच फोनवरून डीव्हीएलएच्या, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर लॉगबुकवरचा क्रमांक आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरला, हिरवा तुकडा फाडून त्याच्या हातात दिला आणि संपलं. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रस्ताकर त्याला आपोआप परत मिळाला. मला यात आवडलं ते हे की कळवणं विकणाऱ्याच्या हातात आहे, आणि कळवलं तर पैसे परत मिळतात. धाकापेक्षा हे जास्त काम करतं.

काही जण म्हणतात, सरकारच्या हातात एवढी अचूक माहिती गेली की पाळत वाढेल. शंका अनाठायी नाही. पण मुंबईकरांनी १२ मार्च १९९३ आठवावा. स्फोटांच्या त्या दिवशी वरळीत शस्त्रांसह एक मारुती व्हॅन टाकून दिलेली सापडली. नंबरावरून नोंद काढली, ती माहीमच्या मेमन कुटुंबातल्या एका स्त्रीच्या नावावर निघाली आणि तपासाला पहिला धागा मिळाला. नोंद खरी होती म्हणून. तीच गाडी चार जणांनी फिरवून मूळ नाव तसंच ठेवलेली असती, तर त्या रात्री पोलिसांनी कुणाचं दार वाजवलं असतं?

आमच्या वॅगनआरचं पुढे असं झालं. कर्ज २०१३ मध्येच फेडलेलं, पण बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा आम्हीच विसरलो होतो. ती सहकारी बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. नवी बँक म्हणे जुन्या खात्याची फाइल आणा. दोन महिने त्यात गेले. पावसाळ्याच्या तोंडावर तो फरशीवाला स्वतः साताऱ्यात आला, बरोबर बायको आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत २०१७ चा फॉर्म २९ होता, बाबांची तेव्हाची ठसठशीत सही आणि खाली तशीच कोरी जागा. तीन माणसांनी तो कागद आठ वर्षं सांभाळला होता आणि एकानेही त्यावर आपलं नाव लिहिलं नव्हतं. बाबांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, ‘‘हा राहू द्या, नवा काढू.’’ सायबर कॅफेत बसून अर्ज भरला, ओटीपी आला, बाबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांच्या शाळेचा स्टिकर अजून अर्धा शिल्लक होता. ‘‘काढून टाकू का, सर?’’ त्या माणसाने विचारलं. बाबा म्हणाले, ‘‘तुमची गाडी आहे, तुम्ही ठरवा.’’